टेबलाखालची भाषा

तुम्ही तिला विचारलं नाहीत.

तिच्या भावाला विचारलंत. भावजयीला विचारलंत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बापाला अंगणात खुर्ची टाकून बसवलंत आणि तीन दुपारी त्याच्याकडून आठवणी काढून घेतल्यात. दवाखान्याच्या दाराचा रंग जुळवायला रंगाचा पोपडा काढून नेलात. गाडीच्या मागच्या पेटीत काय काय असतं त्याची यादी, भिंतीवर दोरखंड कुठल्या क्रमाने टांगलेत त्याचे फोटो, सगळं नेलंत. तिला तेवढं विचारलं नाहीत. कारण तिला विचारायचं म्हणजे तिच्यासमोर उभं राहून सावकाश बोलायचं, आणि तुमच्या माणसांना घाई होती. मग एका बहिऱ्या जनावरांच्या डॉक्टरच्या एकटेपणावर तुम्ही सव्वीस भागांची मालिका केलीत, आणि सगळं पार पडल्यावर तुम्हाला आठवलं की सही मात्र तिचीच लागते.

सहीचा कागद घेऊन तुमची समन्वयक बाई रविवारी सकाळी अकराला येणार होती. घरचे तिच्या आधी पोचले.

आई गेली त्या आठवड्यानंतर, म्हणजे चार वर्षांनी, सगळे डॉक्टरच्या घरी एकत्र जमत होते. मधल्या काळात कुणी फिरकलंच नाही असं नाही. दादा दोनदा आला होता, कुत्र्याला लस टोचून घ्यायला.

पुढे दवाखाना, मागे राहायच्या दोन खोल्या. डॉक्टरने सकाळीच मागच्या खोलीतलं मोठं टेबल पुसलं आणि खुर्च्या मांडल्या. खुर्च्या मांडणं हे तिच्यासाठी काम होतं. खिडकी कुणाच्या पाठीशी येता कामा नये, नाहीतर बोलणाऱ्याचा चेहरा काळा पडतो. दादाला मिशी आहे, तेव्हा तो बरोब्बर समोर हवा. बाबा बोलताना ताटात बघतात, त्यांना जरा उंच खुर्ची. वहिनी भरभर बोलते पण तिचे ओठ स्वच्छ, ती बाजूला चालेल. दोनदा बसून, दोनदा उठून तिने सगळं जमवलं. घरचे आले आणि पाच मिनिटांत त्यांनी त्याच खुर्च्या उचलून टीव्हीकडे तोंड करून एका ओळीत लावल्या.

"ताई, असं म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल," वहिनी म्हणाली.

सगळ्यांना दिसणार होतं. डॉक्टरला सगळ्यांचे कान दिसणार होते.

समन्वयक बाई वेळेवर आली. चांगली होती, हसरी, सुती कपड्यातली, हातात पातळ फायलीत तो एकच कागद. तिने आल्याआल्या डॉक्टरचा हात दोन्ही हातांत धरला आणि तोंड फार मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करून बोलायला लागली. असं बोललं की ओठ वाचताच येत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरने मान हलवली. सत्तेचाळीस वर्षांत मान हलवायचा तिला चांगला सराव झाला होता.

भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, लॅपटॉप टीव्हीला जोडला. मालिकेचा लेखक तो. सत्तावीस वर्षांचा, तीन वर्षं याच एका कामामागे धावणारा, सकाळपासून पोटात काही न गेलेला. चित्र सुरू झालं.

"अक्षरं कुठायत?" डॉक्टरने विचारलं.

तिचा आवाज मोठा आणि सपाट होता. सातव्या वर्षी तापात कान गेले तेव्हा बोलणं येत होतं, ते राहिलं, चढउतार गेले.

"कसली अक्षरं, आत्या?"

"खालची. ते काय बोलतात त्याची."

भाच्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग बाईकडे. "ती शेवटी टाकतात, आत्या. सगळं फायनल झालं की."

"मग मी काय बघू?"

"चित्रंच इतकी बोलकी आहेत," बाई वहिनीकडे वळून म्हणाली. "मॅडमना सांगा ना, भावना पोचतील त्यांना."

'मॅडम' एवढं डॉक्टरला बाजूनेही वाचता आलं. "मॅडम इथंच आहे," ती म्हणाली. "मॅडमलाच सांगा."

बाई ओशाळून हसली. कुणीतरी पडदा ओढला, खोलीत अंधार झाला, आणि आता कुणाचेच ओठ दिसेनासे झाले.

बहिऱ्या डॉक्टरची गोष्ट तुम्ही बहिऱ्या डॉक्टरला अक्षरांशिवाय आणि अंधारात दाखवलीत. ही एवढी गोष्ट तुमच्या चाळीस माणसांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही. यावर एक वेगळी मालिका होईल.

पडद्यावर धुकं होतं. धुक्यातून एक सडपातळ मुलगी चालत येत होती, केस मोकळे, गळ्यात स्टेथोस्कोप. खरी डॉक्टर चौपन्न वर्षांची, रुंद खांद्यांची. एका बैलाने मोडलेला डावा हात कोपरात जरा वाकडा. स्टेथोस्कोप तिने कॉलेज सुटल्यापासून हातात घेतला नव्हता. ती मूठ घेऊन गायीच्या बरगड्यांमागच्या खळग्यात दाबून धरते आणि मिनिटभर थांबते. पोट हललं की मूठ उचलली जाते. किती वेळा उचलली, किती जोराने, यावरून तिला जे कळतं ते बऱ्याच कानवाल्यांना कळत नाही.

पडद्यावरच्या मुलीने गायीच्या उजव्या कुशीला स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले, आणि तिच्या गालावरून एक थेंब ओघळला.

"उजवीकडे काय ऐकतेय?" डॉक्टर मोठ्याने म्हणाली. "पोट डावीकडे असतं."

"आत्या, कॅमेरा त्या बाजूला होता," भाचा पडद्याच्या उजेडात तिच्याकडे वळून म्हणाला.

"मग गायीला फिरवायचं."

बाबा खदखदून हसले. बाईने वहीत काहीतरी टिपलं. आणि तेवढा एक क्षण दादाला वाटलं, निभावलं. बहीण थट्टा करतेय, बाबा हसतायत, सही होऊन जाईल, जेवून चारच्या आत निघता येईल.

मग पडद्यावर ती खूण आली.

दादा खुर्चीत पुढे सरकला. दोन लहान मुलं, भाऊ नि बहीण, फुलांच्या शेतात समोरासमोर उभी होती. बहिणीने मूठ छातीशी नेली, हळूच उघडली, मिटली, परत उघडली, मिटली. भावाने तसंच केलं. मागे व्हायोलिन.

ही खूण दादाची होती. त्याची आणि बहिणीची. ताप उतरल्यावर बाबांना शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरीला हातवारे करू देऊ नका, नाहीतर आहे ते बोलणंही जाईल. बाबा हेडमास्तर, सांगितलेलं पाळणारा माणूस. जेवायला बसलं की त्यांचा एकच हुकूम. "हात खाली. तोंडाने बोल." मग हात खाली गेले. टेबलाच्या खाली, दहा वर्षांच्या भावाच्या आणि सात वर्षांच्या बहिणीच्या गुडघ्यांवर, अख्खी भाषा तयार झाली. सगळ्या खुणा एका हाताच्या, कारण दुसऱ्या हातात चमचा. सगळ्या बारीक, कारण कोपर हललं तर वरून कळायचं. आणि त्यातली पहिली खूण हीच होती. मूठ गुडघ्यावर ठेवून दोनदा उघडायची, मिटायची. बाबा बघतायत. गप्प.

पडद्यावर ती मुलं आता मोठी झाली होती. सडपातळ डॉक्टर बसस्टॉपवर एका देखण्या मास्तरासमोर उभी होती. तिने मूठ छातीशी नेली. उघडली, मिटली. मास्तराचे डोळे भरून आले.

दादा मुलाच्या कानाशी वाकला. "अरे, हे काय केलंस? ही प्रेमाची खूण नाही."

"माहितीये हो. पण दिसायला तीच सगळ्यात छान होती."

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, गप्पांच्या भरात, दादानेच पोराला सगळ्या खुणा करून दाखवल्या होत्या. पोरगं कौतुकाने बघत होतं, आणि बापाच्या कामाचं कुणी एवढं कौतुक कधी केलेलं नव्हतं. औषधांच्या दुकानात काय कौतुक असतं? एकेक करून चाळीसच्या चाळीस काढून दिल्या. बहिणीला सांगायचं राहून गेलं.

त्याच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. शेजारच्या खुर्चीतून, टीव्हीवरची नजर न हलवता, बहिणीने तिची मूठ त्याच्या गुडघ्यावर ठेवली होती. तिने ती दोनदा उघडली, मिटली. ती थट्टा करत होती की आणखी काही, हे त्याला कळेना. चाळीस वर्षांत त्यांनी त्या भाषेत चकार शब्द काढला नव्हता.

"काय म्हणतोय तो मास्तर?" तिने विचारलं.

"नंतर सांगतो," दादा म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात खोलीतला दिवा पेटला, विझला, पेटला, विझला. फाटकावरची घंटा कुणीतरी ओढत होतं. डॉक्टरने घंटेची तार घरातल्या सगळ्या दिव्यांना जोडून घेतली होती. समन्वयक बाई दचकली. डॉक्टर उठली, बाह्या वर करत बाहेर गेली, आणि तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा सुटल्यासारखं काहीतरी दिसलं.

"आता?" बाईने घड्याळ पाहिलं. "आपला सत्याण्णव मिनिटांचा जोडभाग आहे."

"शेळी अडलेली दिसतेय," बाबा खिडकीतून बघत म्हणाले. "थांबवा ते. तिच्याशिवाय काय बघायचं?"

वहिनी चहा करायला उठली. स्वयंपाकाच्या ओट्यासमोरची खिडकी अंगणात उघडते. ती दूध तापवत होती आणि डोक्यात तिचं आपलं चालू होतं. पोराचं नाव पडद्यावर यायला हवं. हा कागद सही होऊन गेला नाही तर चॅनेल मालिका अडकवून ठेवणार, हे पोराने काल रात्री जेवता जेवता सांगितलं होतं, आणि सांगताना त्याचा घास हातातच राहिला होता. ताई चांगली आहे, पण हट्टी. तिला जेवणानंतर एकटीला गाठून गोड बोलून—

अंगणात शेळीवाली बाई डॉक्टरशी बोलत होती. वहिनीला तिचं वागणं जरा विचित्र वाटलं. ती बाई बोलायच्या आधी एक पाऊल बाजूला सरकायची, झाडाच्या सावलीतून उन्हात. मग डॉक्टरच्या दंडाला बोट लावायची. डॉक्टरने तिच्याकडे बघितलं की मगच तोंड उघडायची. शेळी ओरडत होती, पाय झाडत होती, तरी ती बाई दर वेळी हे सगळं करत होती. बोलून झालं की परत सावलीत, शेळीचं डोकं मांडीत.

डॉक्टरचा हात मनगटापर्यंत आत होता आणि डोळे आभाळाकडे. ती बोटांनी शोधत होती. "मान मागे वळलीय," ती म्हणाली. "धर घट्ट. आता ढकलते." मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकदम, ओल्या पोत्यासारखं, करडू बाहेर आलं. डॉक्टरने त्याचं नाक पुसलं, पेंढ्याने घसाघसा घासलं, आणि तळहात त्याच्या छातीवर ठेवून थांबली. करडाने डोकं झटकलं. डॉक्टर काहीतरी म्हणाली, शेळीवाली जोरात हसली, डॉक्टरही हसली. दोघी अंगणात बसून दहा मिनिटं बोलत होत्या. दहा मिनिटं. वहिनीने पाहिलं, ताई एकामागून एक वाक्यं बोलत होती, पायाने मातीत रेघोट्या मारत होती, समोरचीचं बोलणं मधेच तोडत होती. ताई इतकी बोलते, हे तिला ठाऊक नव्हतं.

ती चहाचा पेला घेऊन बाहेर गेली. डॉक्टर हात धुवायला आत गेली होती.

"तुमचं बरं जमतं हो यांच्याशी," वहिनी म्हणाली. "कसं काय?"

शेळीवालीला प्रश्नच कळला नाही. "कसं म्हणजे? त्यांच्याकडे बघून बोलायचं. त्यात काय एवढं?"

वहिनी तिथेच उभी राहिली. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली होती. सुरुवातीची आठ वर्षं नणंद त्यांच्याच घरात होती. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन वहिनीच्या मागे स्टुलावर बसायची, आणि वहिनी शेगडीकडे तोंड करून तिच्याशी बोलत राहायची. मायेनेच बोलायची, मन मोकळं करायची. आठ वर्षं, पाठीने.

ती आत आली तेव्हा चहाचा पेला अजून तिच्याच हातात होता.

"आधी सहीचं उरकून घेऊया का?" समन्वयक बाई म्हणत होती. "उरलेला भाग नंतर निवांत बघता येईल. फक्त औपचारिकता आहे. आमचं समावेशकतेचं धोरण फार कडक आहे, त्यात हे पत्र लागतंच."

कागद टेबलावर ठेवला गेला, दिवा लागला. खुर्च्या पुन्हा टेबलाभोवती आल्या. डॉक्टरने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "मी, खाली सही करणारी, स्वतः श्रवणबाधित असून, सदर मालिकेतील चित्रण माझ्या समाजाचं यथायोग्य प्रतिनिधित्व करतं, असं प्रमाणित करते." तिने चष्मा काढला. "माझा समाज म्हणजे कोण?"

"म्हणजे... कर्णबधिर व्यक्ती, मॅडम."

"आयुष्यात चार भेटलेत मला. त्यातला एक कुत्रा होता."

कुणी हसलं नाही. भाचा तर अजिबात नाही. तो टेबलाच्या कडेला नख खुपसत होता. ही गोष्ट त्याने प्रेमाने लिहिली होती, हे कुणालाच कसं दिसत नाही? लहानपणची प्रत्येक सुट्टी त्याने या घरात काढली होती. रात्रीच्या कॉलवर आत्याच्या शेजारी बसून तो गाडीतून जायचा, आणि परतताना ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत एकटीच काहीतरी गुणगुणायची, बेसूर, भयंकर, आणि ते त्याला जगातलं सगळ्यात एकटं गाणं वाटायचं. तेच त्याला लिहायचं होतं. पहिल्या खर्ड्यात ते होतंसुद्धा. मग मीटिंगा झाल्या. गाणं गेलं. मास्तर आला. शेवटच्या भागात ऑपरेशन आलं, कानात यंत्र बसलं, पहिला आवाज गायीच्या हंबरण्याचा.

"आत्या, पूर्ण नाहीये बरोबर. मला कळतंय," तो म्हणाला. "पण तुझ्यासारखं कुणी टीव्हीवर याआधी कधी दिसलंच नव्हतं. थोडं तरी दिसतंय ना? पुढच्या वेळी अजून नीट करू."

"सही कर गं," बाबा मधेच म्हणाले. "एवढं छान केलंय पोराने. त्या बापाचं काम करणारा नट किती मायेने शिकवतो त्या पोरीला बोलायला. मी रडलो बघ ते बघून."

"बाबा, तुम्ही असं नव्हतं शिकवलं," दादा म्हणाला.

"मग कसं शिकवलं? बोलायला येतंय ना तिला? डॉक्टर झाली ना? मी त्या वेळी सोडून दिलं असतं तर..."

"कुणी म्हणतंय का सोडायला हवं होतं? पण हात बांधायची—"

"अहो, आत्ता हे कशाला?" समन्वयक बाई.

"तुम्ही थांबा जरा, आधी सहीचं होऊ दे," भाचा बापाला.

सगळे एकदम बोलत होते. डॉक्टरची मान एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर फिरत होती, आणि दर वेळी ती पोचेपर्यंत ते तोंड मिटलेलं असायचं. शेवटी तिने मान फिरवणं थांबवलं आणि टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याकडे बघत बसली. या घराण्याच्या कुठल्याही फोटोत ती अशीच दिसते. काहीतरी खाली पडलंय आणि ती ते शोधतेय, अशी.

दादाने हात टेबलावर ठेवला. मग उचलला. छातीच्या उंचीवर, सगळ्यांदेखत, एका हाताने, अडखळत, त्याने तिला सांगायला सुरुवात केली. म्हातारा म्हणतो छान आहे. पोरगा म्हणतो थोडं तरी आहे. मी म्हणतो खोटं आहे. अर्ध्या खुणा विसरल्या होत्या. 'खोटं'साठी खूण नव्हतीच. त्याने 'कडू'ची वापरली.

"हात—" बाबांच्या तोंडून निघालं. सत्तेचाळीस वर्षांची सवय. ते तिथेच थांबले. बाबांनी मुलाच्या हाताकडे पाहिलं, मग मुलीच्या चेहऱ्याकडे, आणि त्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते त्यांनी तिच्या सातव्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं.

"बाबा," डॉक्टर म्हणाली, "मी बोलते. तुमच्यामुळे बोलते. पण जेवताना मी बोललेलं एक वाक्य सांगा. इतक्या वर्षांतलं कुठलंही एक."

बाबांनी तोंड उघडलं. खूप वेळ ते आठवत राहिले. खरंच आठवत होते, ढोंग नव्हतं.

"तुम्ही मालिका केलीत की ती एकटी आहे," डॉक्टर आता समन्वयक बाईकडे वळली. "आहे. खोटं नाही ते. रात्री घरी आल्यावर चार भिंती असतात. पण कान नाहीत म्हणून मी एकटी आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आत्ता अंगणात मी एकटी होते का? मी एकटी होते ती इथे. या ओळीत, अंधारात, सगळ्यांच्या मधोमध बसून."

बाईने वही मिटली. "मला पटतंय, मॅडम. मनापासून. पण आता शूटिंग संपलंय."

तेव्हा वहिनी बोलली. बोलायच्या आधी ती खिडकीपाशी गेली, पडदा सरकवला, आणि टेबलाला वळसा घालून डॉक्टरच्या समोर येऊन उभी राहिली. बोलली मात्र मुलाशी.

"मी तुझा डबा घेऊन आले होते ना ऑफिसात, त्या दिवशी बाकावर एक मुलगी बसली होती. सावळी, जाडशी. तिच्या आईशी हातांनी बोलत होती. इतकं भराभर की मी बघतच राहिले. ती कोण होती?"

आई आपल्या बाजूची आहे असं भाचा धरून चालला होता. "कितीजण आली होती, आई. ऑडिशन होती."

"डॉक्टरच्याच कामासाठी आली होती ना ती?"

"हो."

"बहिरी होती?"

"हो."

"नाव काय तिचं?"

"नावं नसतात यादीत. एकवीस नंबर होती."

"कसं केलं तिने?"

भाच्याने समन्वयक बाईकडे पाहिलं. बाई टेबलाकडे बघत होती.

"मी विचारतेय तुला," वहिनी म्हणाली. "मी तुझी आई आहे. मला पोरगा मोठा झालेला हवाय, सगळ्यांच्या आधी मला हवाय. सांग."

"चांगलं केलं," तो म्हणाला. "सगळ्यात चांगलं. तिच्या घरी म्हशी आहेत. तिने न सांगता मूठ कुशीत दाबली, डावीकडे, आणि थांबली. खोलीत सगळे गप्प झाले. मग ती गेल्यावर ते म्हणाले, हिला सूचना कशा द्यायच्या, प्रत्येक शॉटला दुप्पट वेळ जाईल. आणि एक म्हणाला... दिसायला फारच खरी आहे."

"आणि तू?" दादाने विचारलं. त्याचा हात सांगत होता, शब्दामागून शब्द, आणि डॉक्टरची नजर त्या हातावरून हलत नव्हती.

"मी बोललो होतो. एकदा."

डॉक्टरने समन्वयक बाईपुढे हात केला. "पेन."

बाईने पेन दिलं. भाचा खुर्चीत सरळ बसला. डॉक्टरने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला, औषधाची मात्रा लिहिते तशा ठसठशीत अक्षरात, न थांबता लिहिलं. लिहून झाल्यावर कागद बाईकडे सरकवला.

"वाचा. मोठ्याने. यांना ऐकू येतं."

बाई वाचायला लागली. "एकवीस नंबरची मुलगी तुमच्याकडे आली होती. तिला काम येत होतं. तुम्ही तिला परत पाठवलंत, आणि तिच्या जागी माझी सही मागायला आलात. तिच्यात काय कमी होतं? तिचं नाव काय? या दोन्हींची उत्तरं लिहून पाठवा. फोन करू नका. उत्तर आल्याशिवाय माझं नाव, माझं दार, माझ्या घरच्या खुणा, यांतलं काहीही कुठे दाखवायचं नाही."

"मी हे वर पाठवते," बाई म्हणाली.

"पाठवा. त्यांना वेळ लागेल."

डॉक्टर खुर्ची सरकवून भाच्याच्या समोर बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. चौदा वर्षांपूर्वी, पोरगं गाडीत झोपून जायचं तेव्हा त्याचं डोकं जिथे टेकायचं, तो तिचा खांदा आता त्याच्या समोर होता. रागावलेली ती दिसत नव्हती, ते परवडलं असतं.

"त्यांचं सोड," ती म्हणाली. "तू त्या खोलीत होतास. ती पोरगी उठून दाराकडे गेली. ती वळून बघत असणार, सगळ्यांच्या तोंडांकडे, काय ठरलं ते वाचायला. मी तेच केलं असतं. तेव्हा तू कुठे बघत होतास?"

भाच्याने मान खाली घातली.

"वर बघ. मला ओठ दिसले पाहिजेत. सांग, कुठे बघत होतास तू?"